पॅकेट मोठं करावं की उशीर कमी? इंटरनेटवरच्या आवाजी गप्पांचा हिशोब

खटपट्या
आमचा एक छोटा गट आहे. आठवड्यातून एकदा सगळे मम्बल या आवाजी गप्पांच्या प्रोग्रामवर जमतो आणि तास-दोन तास बोलत बसतो. सर्व्हर माझ्याकडे आहे. गटातल्या दोघांचं इंटरनेट अगदीच बेताचं. त्यांचा आवाज आम्हाला तुटक येतो, आमचा त्यांना.

मम्बलच्या सेटिंगमध्ये दोन स्लायडर आहेत. एक दर्जाचा, केबीपीएसमध्ये (सेकंदाला किती हजार बिट). दुसरा एका पॅकेटात, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्यात, किती मिलिसेकंदांचा आवाज भरायचा याचा: १०, २०, ४० किंवा ६०. खाली एकूण किती बँडविड्थ लागेल तो आकडा दिसतो.

आधी दर्जा ४० आणि पॅकेट १० होतं, एकूण ७२ च्या आसपास. दर्जा १६ वर आणला. म्हणजे साठ टक्के कपात की नाही? पण एकूण आकडा ४८ च्या खाली यायला तयार नाही. मग पॅकेट ६० केलं, तर तो धाडकन २१-२२ वर आला. तुटणं बरंच थांबलं, पण दुसरंच दुखणं सुरू झालं. सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागले. "हां, तू बोल", "नाही नाही, तुझं होऊ दे", मग दोघंही गप्प, मग परत दोघंही एकदम.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. दर्जा कमी करूनही आकडा का उतरत नाही? आणि कपात करायचीच झाली तर आधी कशाला कात्री लावायची?

शून्य_एक
आजच्या काळात १६ केबीपीएसचा हिशोब कोण मांडत बसतं? जिथे व्हिडिओ विनातक्रार चालतो तिथे आवाजाला काय धाड भरलीय? दर्जा वाढवा, पॅकेट १० ठेवा, विषय संपला.

पॅकेटपुराण
शून्य_एक, ज्याच्याकडे व्हिडिओ चालतो त्याने हा धागा काढलेला नाही. :)

खटपट्या, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पॅकेटावर चढणाऱ्या पत्ता वगैरे माहितीत आहे. आवाजाचा प्रत्येक तुकडा निघतो तेव्हा त्यावर इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे (पाठवण्याच्या नियमांचे) तीन थर चढतात: आयपीचे २० बाइट, यूडीपीचे ८, आरटीपीचे १२. एकूण ४०. (मम्बल आरटीपी वापरत नाही, त्याची स्वतःची मांडणी आहे आणि वर कूटबद्धीकरणाचे काही बाइट. पण बेरीज याच घरात जाते, म्हणून मी ४० धरूनच चालतो.) आत आवाज किती आहे याच्याशी या ४० बाइटना काही देणंघेणं नाही. एका ओळीच्या चिठ्ठीलाही तेवढंच मोठं पाकीट.

आता तुमचा १६ केबीपीएसचा ओपस (मम्बलचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करणारी पद्धत) घ्या. १० मिलिसेकंदांत तो २० बाइट तयार करतो. त्यावर ४० चं हेडर, म्हणजे ६० बाइटचं पॅकेट. अशी सेकंदाला १०० पॅकेटं. ६००० बाइट, म्हणजे (बाइटला ८ बिट धरून) ४८ केबीपीएस. यातले ३२ नुसते हेडरचे! तुम्ही दर्जाचा स्लायडर कितीही खाली ओढा, हे ३२ जागचे हलणार नाहीत, कारण ते दर्जावर नाही तर सेकंदाला किती पॅकेटं सुटतात त्यावर ठरतात.

पॅकेट २० चं केलं तर एकूण ३२ केबीपीएस. ४० चं केलं तर २४. ६० चं केलं तर २१.३.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यांत आहे, जरा नीट बघा. १० वरून २० वर जाताना तुम्ही फक्त १० मिलिसेकंद मोजता आणि १६ केबीपीएस वाचवता. २० वरून ४० ला २० मिलिसेकंद देऊन ८ वाचतात. ४० वरून ६० ला पुन्हा २० मिलिसेकंद द्यायचे आणि हातात येतात जेमतेम पावणेतीन. उशीर सरळ रेषेत वाढतो, बचत मात्र दर पायरीला आटत जाते. म्हणून इंटरनेट टेलिफोनीत इतकी वर्षं २० मिलिसेकंद हाच मुक्काम टिकून आहे. लाइन फारच अरुंद असेल तर ४०. ६० वर मी तरी शेवटचा उपाय म्हणूनच जातो.

आयपीची नवी आवृत्ती, आयपीव्ही६, असेल तर आयपीचं हेडर ४० बाइटचं, एकूण ६०. तिथे १० मिलिसेकंदांची चैन आणखी महाग पडते: ४८ केबीपीएस हेडरलाच.

अर्धविराम
छान समजावलंत, वाचनखूण साठवली. पण एक शंका. ६० मिलिसेकंद म्हणजे पापणी लवायच्याही आत. तेवढ्याने गप्पांचा विचका कसा होईल? खटपट्यांच्या गटात मुळातच सगळे बोलघेवडे असतील. ;)

पॅकेटपुराण
बोलघेवडे असतीलच, पण ६० हा एकटा आकडा नसतो. तोंडापासून कानापर्यंतची बेरीज करावी लागते.

मायक्रोफोनचा आवाज आधी साउंड कार्डाच्या बफरमध्ये साचतो. मग कोडेक. ओपसची फ्रेम (एका वेळी दाबायचा तुकडा) २० मिलिसेकंदांची असेल तर त्याचा स्वतःचा उशीर २६.५ होतो, कारण तो थोडं पुढचंही ऐकून घेतो. पॅकेटात जास्त आवाज भरायचा तर ते भरेपर्यंत थांबणं आलं. ६० मिलिसेकंदांचं पॅकेट म्हणजे त्यातला पहिला स्वर ६० मिलिसेकंद दाराशीच उभा. मग प्रत्यक्ष प्रवास: काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद, आणि तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. वाटेतले राउटर, वायफाय. पलीकडे पोचल्यावर जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेटं सलग वाजवण्यासाठीचा साठा), त्याबद्दल पुढे बोलू. शेवटी पुन्हा साउंड कार्ड. कुणी ब्लूटूथ हेडसेट लावून बसला असेल तर तो एकटाच कित्येक दहा मिलिसेकंद खातो, काही तर शंभराच्या पुढे जातात.

ही बेरीज आधीच १५० च्या आसपास पोचली असेल तर पॅकेट १० वरून ६० करणं म्हणजे ती २०० वर नेणं. शिवाय पॅकेट मोठं झालं की पलीकडचा जिटर बफरही फुगतो, कारण तो पॅकेटांच्याच मापाने हलतो.

जुनी_तार
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी झाली, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ नावाची शिफारस आहे. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर असेल तर बहुतेक लोकांना काही जाणवत नाही. ४०० ही जाळं आखताना ओलांडू नये अशी हद्द. मधला पट्टा असा की चालतं, पण बोलणाऱ्याला खटकतं. दर्जा मोजायचं ई-मॉडेल म्हणून एक गणित आहे, १०० पैकी गुण द्यायचं. त्याच्या सोप्या केलेल्या रूपात सुमारे १७७ मिलिसेकंदांपर्यंत प्रत्येक मिलिसेकंदाला ०.०२४ गुण कापला जातो. तिथून पुढे तोच दर ०.१३ च्या वर जातो, म्हणजे पाचपटीहून जास्त. तेव्हा नुसतं "५० मिलिसेकंद वाढले" म्हणून काही कळत नाही. ६० चे ११० झाले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. १६० चे २१० झाले तर खटपट्यांच्या गटासारखं होतं.

उशिराबरोबर येणारं दुसरं दुखणं म्हणजे प्रतिध्वनी. आपलाच आवाज पलीकडच्या स्पीकरमधून तिकडच्या माइकमध्ये शिरून परत येतो. तो लगेच आला तर कानाला वेगळा कळत नाही. उशिरा आला की बोलणाराच अडखळतो. म्हणून लांबच्या कॉलवर प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा लागतेच.

याच मुद्द्यावरून एका सबंध तंत्रज्ञानाचं माप ठरलं आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी एटीएम नावाचं जाळं आखत होते. त्यात सगळा डेटा एकसारख्या छोट्या 'सेल'मधून जायचा. सेलमध्ये किती बाइट भरायचे यावर वाद पेटला. अमेरिकेची बाजू म्हणे ६४, म्हणजे हेडरचा खर्च कमी. युरोपची, विशेषतः फ्रान्सची, बाजू म्हणे ३२. कारण ६४ केबीपीएसच्या आवाजाला ३२ बाइट भरायला ४ मिलिसेकंद लागतात आणि ६४ भरायला ८. उशीर ४ वर राहिला तर देशांतर्गत कॉलना प्रतिध्वनी मारणारी यंत्रं न बसवता निभावतं असा त्यांचा हिशोब होता. शेवटी बरोबर मध्ये ४८ वर तह झाला. वर ५ बाइटचं हेडर, म्हणून ५३ चा तो विचित्र सेल. तांत्रिकदृष्ट्या तो कुणालाच आवडला नाही. खटपट्यांच्या त्या दोन स्लायडरचं भांडण तेव्हा सरकारी प्रतिनिधी मंडळांनी केलं होतं, एवढंच.

खटपट्या
जुनी_तार काका, ५३ बाइटचा आकडा पुस्तकात वाचला होता, पण तो तहाचा आकडा आहे हे माहीत नव्हतं. अजून लिहा.

रेडिओवाली
बोलण्याच्या पाळीबद्दल थोडं. वेगवेगळ्या भाषांच्या संभाषणांचा अभ्यास झालेला आहे. एकाचं संपलं आणि दुसऱ्याने सुरू केलं, या दोहोंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांचीच फट असते. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठे संपणार हे आपण आधीच ताडून तयार असतो.

आता एका दिशेने २०० मिलिसेकंद उशीर धरा. तुमचं वाक्य त्याला २०० ने उशिरा संपलेलं कळणार, त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत यायला आणखी २००. तुमच्या कानाला फट ६०० मिलिसेकंदांची वाटते. अर्धा सेकंद कुणी बोललं नाही की माणूस समजतो, याला काही म्हणायचं नाही, आणि पुन्हा सुरू होतो. नेमकं तेव्हाच त्याचं उत्तर येऊन आदळतं. जाणवतो तो जाऊन-येऊन उशीर, आणि सेटिंगमध्ये दिसतो तो एकाच दिशेचा. घोळ तिथे होतो.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. वर आणि खाली मिळून एका दिशेलाच २४० मिलिसेकंदांच्या आसपास. तिथे पॅकेट १० ठेवा की ४०, पाळी चुकणारच. अशा लाइनवर आम्ही रेडिओवर करतो तेच करावं: बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. हसू नका, चालतं. आणि तिथे पॅकेट बिनधास्त मोठं करावं. उशीर आधीच वाया गेलेला आहे, निदान बँडविड्थ तरी वाचवा.

शून्य_एक
म्हणजे माझंच खरं झालं ना? बँडविड्थ भरपूर असेल तर पॅकेट छोटं, उशीर कमी, सगळे सुखी. बँडविड्थ वाढवणं हाच उपाय.

रांगेत_उभा
इथेच तर फसगत आहे. बहुतेक घरांत कॉलची वाट लावतो तो बँडविड्थचा तुटवडा नसतो, रांग असते.

राउटरला किंवा मोडेमला जेवढं पाठवता येतं त्याहून जास्त आलं की तो उरलेलं बफरमध्ये साठवतो. एकही पॅकेट टाकून द्यायचं नाही या हौसेपायी हे बफर भलतेच मोठे ठेवले गेले. समजा बफर २५६ किलोबाइटचा आणि अपलोड १ एमबीपीएसचा. बफर भरला की तो रिकामा व्हायला २ सेकंदांच्या वर लागतात. घरात कुणाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की टीसीपीचा (असा डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचा) स्वभावच असा की पॅकेट पडेपर्यंत तो वेग वाढवत राहतो, म्हणजे बफर काठोकाठ भरूनच थांबतो. मग तुमचं ६० बाइटचं आवाजाचं पॅकेट त्या २ सेकंदांच्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. त्याला बँडविड्थ किती हवी होती? ४८ केबीपीएस. लाइनच्या वीसाव्या भागाएवढीसुद्धा नाही.

याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा विषय लावून धरला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. रांगेची लांबी बाइटमध्ये मोजायचीच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ अडकलं ते बघायचं. ५ मिलिसेकंदांहून जास्त ताटकळणं १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही कमी झालं नाही, तर पॅकेट टाकायला सुरुवात करायची. टीसीपीला इशारा मिळतो, तो हात आखडतो. पुढे त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग द्यायची सोय आली, ती एफक्यू-कोडेल. आवाजासारखा किरकोळ प्रवाह मग मोठ्या अपलोडच्या मागे अडकतच नाही.

करायचं काय: राउटर ओपनडब्ल्यूआरटीसारखी खुली प्रणाली चालवत असेल तर त्यात एसक्यूएम (रांगेला हीच शिस्त लावणारी सोय) चालू करा आणि अपलोडचा वेग खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास बांधा. खरी रांग मोडेममध्ये होऊ न देता तुमच्या राउटरमध्ये आणायची, म्हणजे तिची शिस्त तुमच्या हातात राहते. दहा टक्के बँडविड्थ सोडली आणि सेकंदाचा उशीर गेला. या धाग्यातला सगळ्यात स्वस्त सौदा हाच.

शून्य_एक
ठीक, पण लाइन १०० एमबीपीएसची असेल तर तो बफर चुटकीसरशी रिकामा होईल. मग?

रांगेत_उभा
२५६ किलोबाइट राहिला तर होईल, सुमारे २१ मिलिसेकंदांत. पण वेगवान लाइनच्या मोडेममध्ये बफरही मोठाच घालतात. शिवाय वायफायची रांग वेगळी. लाइन मोठी घेतली की अपलोड लवकर संपतं, हे मात्र मान्य.

अगदी बारीक लाइनवर रांग नसतानाही एक अडचण उरते. १५०० बाइटचं एक पॅकेट १२८ केबीपीएसच्या लाइनवर चढायलाच ९४ मिलिसेकंद लागतात. ते एकदा चढायला लागलं की मागच्या आवाजाला थांबण्यावाचून इलाज नाही, प्राधान्य कितीही दिलेलं असो. १० एमबीपीएसला तेच १.२ मिलिसेकंद. इथे बँडविड्थ हाच उशिरावरचा इलाज आहे, म्हणून शून्य_एक यांना अर्धे गुण.

शून्य_एक
अर्धे तर अर्धे.

खटपट्या
रांगेत_उभा, त्या दोघांपैकी एकाला कॉल चालू असताना पिंग (पॅकेट जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी आज्ञा) चालवायला सांगितलं. शांत असताना आकडे दोन अंकी. घरातल्या दुसऱ्या फोनचा बॅकअप चालू झाला की हजाराच्या घरात. बॅकअप रात्रीवर ढकलला आणि त्याचा प्रश्न बऱ्यापैकी मिटला, पॅकेटला हात न लावता.

दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्याकडे पिंग स्थिर असतो, तरी सगळे जमले की त्याला ऐकू येणं तुटतं. दोघंतिघंच असलो तर स्वच्छ.

पॅकेटपुराण
मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. मम्बलचा सर्व्हर आवाज एकत्र कालवत नाही, ज्याचा माइक चालू त्याचा प्रवाह जसाच्या तसा बाकीच्यांना धाडतो. एकाच वेळी पाच माइक उघडे असतील तर त्या माणसाला पाच प्रवाह उतरवावे लागतात. १० मिलिसेकंदांच्या पॅकेटने ते २४० केबीपीएस झाले. आणि माइक उघडा राहायला बोलावंच लागतं असं नाही. पंख्याचा आवाज, कीबोर्डची टकटक, एवढंही पुरतं.

सगळ्यांना बटण दाबून बोलायला लावा किंवा आवाज ओळखण्याची मर्यादा वर न्या. कोडेकच्या दर्जावर कितीही कात्री चालवली तरी पाचाचा एक होणं याच्या जवळपासही ती जाणार नाही.

आवाज सर्व्हरवरच कालवून प्रत्येकाला एकच प्रवाह देणारी व्यवस्थाही असते. बँडविड्थ वाचते. पण सर्व्हरला सगळं उलगडून, सगळ्यांचं जुळण्याची वाट बघून, कालवून पुन्हा कोडेकमधून काढावं लागतं. म्हणजे उशीर वाढतो आणि आवाज दोनदा दाबला जातो.

अर्धविराम
जिटर बफरबद्दल सांगतो म्हणालात आणि विसरलात.

पॅकेटपुराण
विसरलो नाही, टाळत होतो, कारण तो विषय निसरडा आहे.

पॅकेटं दर २० मिलिसेकंदांनी सुटतात, पण पोचताना कधी १५ ने, कधी ४० ने, कधी तीन एकदम. कानाला मात्र सलग हवं. म्हणून ऐकणारी बाजू मुद्दाम थोडं साठवून मग वाजवायला घेते. साठा मोठा ठेवला तर क्वचितच तुटतं, पण उशीर कायमचा वाढतो. छोटा ठेवला तर उशिरा आलेलं पॅकेट फेकून द्यावं लागतं, म्हणजे ते हरवल्यातच जमा. चांगली प्रणाली हा साठा चालू कॉलमध्ये कमीजास्त करत राहते. वेबआरटीसीमधला (ब्राउझरमधून कॉल करायच्या तंत्रातला) नेटइक्यू तर आवाज किंचित ताणून किंवा आवळून साठा जुळवतो, स्वर न बदलता. कधी कधी पलीकडचा माणूस क्षणभर घाईने बोलल्यासारखा वाटतो ना, ते हेच.

तेव्हा "माझं पॅकेट हरवतंय" म्हणणाऱ्याने आधी बघावं की ते खरंच हरवतंय की पोचूनही उशीर झाला म्हणून फेकलं जातंय. पहिल्याला बँडविड्थ किंवा लाइनची दुरुस्ती लागेल, दुसऱ्याला साठा वाढवणं.

रेडिओवाली
हरवण्याबद्दल एक मुद्दा राहिलाय. मोठं पॅकेट हरवलं की जखम मोठी. २० मिलिसेकंदांचा खड्डा प्रणाली मागच्या आवाजावरून बुजवते, कानाला कळतही नाही. जी.७११ या जुन्या टेलिफोन कोडेकसाठी आयटीयूने दिलेली बुजवण्याची रीत बघा: पहिले १० मिलिसेकंद तसाच आवाज, मग दर १० मिलिसेकंदांना २० टक्के खाली, आणि ६० वर पूर्ण शांतता. म्हणजे ६० मिलिसेकंदांचं एकच पॅकेट गेलं की बुजवणाऱ्याची सगळी ताकद तिथेच संपली. 'त', 'प' असं छोटं व्यंजन तर अख्खंच गिळलं जातं. आता नव्या कोडेकमध्ये यापेक्षा बऱ्या युक्त्या आहेत, पण ६० चा खड्डा तो ६० चाच.

खटपट्यांना ६० वर तुटणं कमी वाटलं, कारण त्यांच्याकडे अडचणच अपुऱ्या बँडविड्थची होती. वायफायच्या त्रासाने पॅकेटं पडत असती तर उलटं झालं असतं.

पॅकेटपुराण
सहमत. ओपसमधली एफईसीची सोय याच जातीची आहे. प्रत्येक पॅकेटात मागच्या फ्रेमची हलक्या दर्जाची नक्कल घालायची. मागचं हरवलं तर पुढच्यातून काढून घेता येतं. पण त्यासाठी पुढचं येईपर्यंत थांबायला हवं: २० च्या पॅकेटला २०, ६० च्या पॅकेटला ६०. आणि नकलेचे बिट तुमच्या त्याच १६ केबीपीएसमधून कापले जातात, वरून मिळत नाहीत. ओपस १.५ मध्ये, मार्च २०२४ ला, ड्रेड आलं. न्यूरल नेटवर्कने दाबलेली मागच्या एक सेकंदापर्यंतच्या बोलण्याची नक्कल एका पॅकेटात मावते. लांबलचक खंडातूनही बोलणं वाचतं, पण ते वापरायचं तर जिटर बफरला तेवढं मागे राहणं परवडायला हवं.

अर्धविराम
एक बाळबोध प्रश्न. पॅकेट हरवलं तर पुन्हा का मागत नाहीत? वेबपेजचं तर कधी अक्षर हरवत नाही.

जुनी_तार
प्रश्न बाळबोध नाही, आजच्या इंटरनेटची घडण यातूनच झाली. १९७० च्या दशकात डॅनी कोहेन आर्पानेटवरून (इंटरनेटच्या पूर्वजावरून) आवाज पाठवायचे प्रयोग करत होते. त्यांच्या नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉलचा दस्तऐवज, आरएफसी ७४१, १९७७ चा. तेव्हा टीसीपी एकसंध होता: पोचवणंही त्याच्याकडे आणि हरवलेलं परत मागणंही. आवाजवाल्यांचं म्हणणं, आम्हाला परत मागणं नको. हरवलेलं पॅकेट परत येईपर्यंत जाऊन-येऊन एक फेरी जाते आणि टीसीपी तोवर मागचं सगळं अडवून धरतो. उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोग काय? या आग्रहाचा टीसीपीमधून आयपी वेगळा काढण्यात मोठा वाटा होता, आणि १९८० मध्ये यूडीपी आला. परत मागणं नको त्यांच्यासाठी.

तेव्हा कुणी मम्बल सक्तीने टीसीपीवर चालवत असेल, किंवा टीसीपीवरच्या व्हीपीएनमधून कॉल करत असेल, तर आधी ते बंद करा.

नवखा_नाही
हेडरच जर खलनायक असेल तर तो दाबत का नाहीत? ४० बाइटमधले बहुतेक प्रत्येक पॅकेटला तेच ते असतात.

पॅकेटपुराण
दाबतात. आरओएचसी नावाची रीत आहे, ४० चे २-४ बाइट होतात. मोबाइलच्या व्हीओएलटीई कॉलमध्ये फोन आणि टॉवर यांच्यात ती वापरली जाते. पण ती एका दुव्यापुरतीच. दोन्ही टोकांना ती कळायला हवी, आणि मधल्या राउटरला पत्ता वाचायला पूर्ण हेडर लागतं. त्यामुळे इंटरनेटवरून जाणाऱ्या आपल्या ॲपच्या कॉलला तिचा भरवसा धरता येत नाही.

म्हणूनच ३ केबीपीएसचे नवे कोडेक बघून मी फार हुरळत नाही. गूगलचा लायरा २०२१ मध्ये ३ वर आला. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटात तो घातला तर ३ आवाजाचे आणि १६ हेडरचे. तिथून पुढे कोडेक सुधारून फरक पडत नाही, पॅकेटच लांबवावं लागतं.

खटपट्या
सध्याची मांडणी: सगळ्यांना बटण दाबून बोलणं सक्तीचं, पॅकेट २०, दर्जा २४. एकूण ४० केबीपीएस, पण बहुतेक वेळ एकच प्रवाह. अरुंद लाइनवाला म्हणतो ठीक चाललंय. त्याचा वायफाय डोंगल काढून तार लावायची आहे, मग बघू.

नवखा_नाही
अवांतर: आम्ही चौघं लांबून एकत्र वाजवायचा विचार करतोय, तबला आणि हार्मोनियम धरून. मम्बलवर पॅकेट १० ठेवून जमेल का?

रेडिओवाली
नाही. बोलण्याला १५० चालतात, तालाला नाही. साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघू लागतो आणि लय आपोआप मंदावत जाते. हवेत आवाज तेवढ्या वेळात आठ-दहा मीटर जातो, म्हणजे मोठ्या मंचाची दोन टोकं.

त्यासाठी जॅम्युलस हा लांबून एकत्र वाजवायचा प्रोग्राम बघा. तो १२८ नमुन्यांची फ्रेम पाठवू शकतो, ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंदांची. सेकंदाला ३७५ पॅकेटं, फक्त आयपी आणि यूडीपीच्या हेडरचेच ८४ केबीपीएस, संगीत वेगळं. इथे कुणी बँडविड्थ वाचवायला बसत नाही, सगळी उशिरावर उधळायची. वायफाय नको, ब्लूटूथ तर अजिबात नको, सर्व्हर चौघांच्या मधोमध कुठेतरी. एकमेकांपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर असाल तर जाण्यातच ५ ते ८ मिलिसेकंद गेले, ते धरून उरलेल्यात बसवा. आणि तबलजीला सांगा, हार्मोनियमच्या मागे जायचं नाही, आपली लय धरून ठेवायची.